श्रीमंत सयाजीराव महाराज आणि त्यांच्या ग्रंथपेट्या

डिसेंबर महिना उतरणीस लागून शाळेला नाताळची सुटी झाली, कीं मढच्या मुलांच्या आनंदाला पारावार राहत नाहीं. हवेंत सुखद गारवा आलेला असतो. किनाऱ्यावर उभारलेल्या काठ्यांवर बोंबील वाळत असतात. घरोघर नाताळचा गोठा मांडण्याची व कागदी तारे टांगण्याची गडबड चालते. आणि नाताळ सरतो न सरतो तोंच जानेवारीच्या दुसऱ्या रविवारीं एरंगळच्या संत बोनाव्हेंचर चर्चच्या सणाचे वेध लागतात. अशा या आनंदाच्या दिवसांत पुस्तकांची गोष्ट काढणें कित्येक विद्यार्थ्यांस अरसिकपणाचें वाटेल. पुस्तक म्हणजे परीक्षा, आणि परीक्षा तर नुकतीच आटोपली, असा त्यांचा समज असतो. परंतु पुस्तक ही करमणुकीची वस्तु आहे, खेळ, चित्रें व गोष्टी यांच्या संगतीनेंच तिचा लळा लागतो, आणि हा आनंद श्रीमंतांच्या कपाटांत कोंडून न ठेवतां खेड्यापाड्यांतील मुलांच्या हातीं दिला पाहिजे, असें मानणारा एक मराठी राजा होऊन गेला. ते म्हणजे बडोद्याचे श्रीमंत महाराज सयाजीराव गायकवाड. त्यांचें चरित्र सुटीच्या दिवसांत वाचण्याजोगें आहे. कारण ज्या पुरुषानें पुढें हजारों लोकांच्या घरीं पुस्तकें पोंचविलीं, त्याला स्वतःला वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत अक्षरओळख नव्हती.

नाशिक जिल्ह्यांत मालेगांवच्या बाजूस कवळाणें नांवाचें एक लहानसें खेडें आहे. तेथें गायकवाड घराण्याची एक दूरची शाखा शेती करून राहत असे. या शाखेंतील काशीराव यांच्या घरीं १८६३ सालच्या मार्च महिन्यांत एक मुलगा जन्मला. त्याचें नांव गोपाळराव. घरची स्थिति शेतकऱ्याची. राजकुलाशीं नातें असलें तरी त्याचा कांहीं उपयोग नव्हता. गोपाळराव इतर मुलांबरोबर रानांत हिंडे, गुरांमागें जाई, शेतांतील कामाला हात लावी. पाटी व पुस्तक त्याच्या वांट्यास आलें नव्हतें. त्या काळच्या खेड्यांतील लाखों मुलांप्रमाणेंच त्याचेंहि आयुष्य गेलें असतें, आणि त्याचें नांव आज कोणास ठाऊकहि नसतें.

परंतु दैवाची गति विचित्र आहे. बडोद्याचे महाराज खंडेराव १८७० सालीं निवर्तले व त्यांचे बंधु मल्हारराव गादीवर आले. त्यांच्या कारकीर्दींत राज्याची घडी विसकटली आणि १८७५ सालीं इंग्रज सरकारनें त्यांस पदच्युत केलें. तेव्हां खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांस दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. गायकवाड कुळांतील मुलांचा शोध सुरू झाला व कवळाण्याहून कांहीं मुलें बडोद्यास आणण्यांत आलीं. येथें कशासाठीं आलांत, असें विचारतांच इतर मुलें गांगरलीं, परंतु गोपाळरावानें आपण राज्य करण्यास आलों आहोंत असें न अडखळतां उत्तर दिलें, अशी एक आख्यायिका सांगतात. ती अक्षरशः खरी असो वा नसो, निवड त्याचीच झाली. २७ मे १८७५ रोजीं गोपाळरावाचे सयाजीराव झाले आणि बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा एका मोठ्या संस्थानच्या गादीवर बसला.

आतां खरी कसोटी लागली. अंगावर जरीचे कपडे आले, मागेंपुढें हुजरे धांवूं लागले, परंतु समोर कागद ठेवला तर तो वाचतां येईना. ज्या वयांत इतर मुलें पुस्तकांतील धडे घडाघडा म्हणत, त्या वयांत या राजास मुळाक्षरांवर बोट फिरवावें लागलें. आपल्याहून लहान मुलांस जें येतें तें आपल्याला येत नाहीं, याचें शल्य काय असतें, हें ज्यानें अनुभविलें असेल त्यालाच कळेल. दिवाण सर टी. माधवराव यांनीं राज्याची व्यवस्था पाहिली आणि एलियट नांवाच्या इंग्रज शिक्षकाकडे बालराजाचें शिक्षण सोंपविण्यांत आलें. मराठी, गुजराथी, उर्दू व इंग्रजी अशा चार भाषा, शिवाय गणित, इतिहास, भूगोल, पुढें राज्यकारभाराचे धडे, आणि जोडीला घोड्यावर बसणें व कुस्ती, असा हा भरगच्च अभ्यासक्रम होता. बुद्धि फार चपळ नव्हती असें कांहीं चरित्रकार लिहितात. परंतु चिकाटी विलक्षण होती. सहासात वर्षांच्या अवधींत त्या मुलानें मागील सारी उणीव भरून काढली. २८ डिसेंबर १८८१ रोजीं, म्हणजे आपल्या नाताळच्या सुटीच्या ऐन दिवसांत, राज्याचीं पूर्ण सूत्रें त्यांच्या हातीं आलीं. त्या वेळीं त्यांचें वय अवघें अठरा वर्षांचें होतें.

सयाजीरावांनीं आपल्या दीर्घ कारकीर्दींत जीं कामें केलीं त्यांची नुसती यादी दिली तरी हा लेख पुरा व्हावयाचा नाहीं. आजव्याचा तलाव बांधून त्यांनीं बडोदें शहरास पाणी दिलें; १८९० सालीं कलाभवन काढून कारागिरांच्या मुलांस हातांतील विद्या शिकविली; १९०८ सालीं बँक ऑफ बडोदा स्थापिली. परंतु त्यांच्या अंतःकरणास सर्वांत जवळचें काम म्हणजे शिक्षण. आपण बारा वर्षें अंधारांत काढलीं, तशीं दुसऱ्या कोणाच्या मुलास काढावीं लागूं नयेत, ही तळमळ त्यांच्या सर्व कृतींच्या मुळाशीं दिसते. १८९३ सालीं त्यांनीं अमरेली तालुक्यांतील कांहीं गांवांत सक्तीचें व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून पाहिलें. तो प्रयोग यशस्वी होतांच १९०६ सालीं तोच नियम सर्व राज्यास लागू केला. नामदार गोखल्यांनीं ब्रिटिश हिंदुस्थानासाठीं अशाच स्वरूपाचें बिल १९११ सालीं कायदेकौन्सिलांत मांडलें, परंतु तें पास झालें नाहीं, ही गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे महाराजांनीं किती पुढचें पाऊल टाकलें होतें हें कळून येतें.

येथपर्यंत आलें तरी महाराजांस समाधान वाटेना. मूल चारपांच वर्षें शाळेंत जातें, लिहावयास वाचावयास शिकतें, मग शेतांत अगर दुकानांत कामाला लागतें. घरांत पुस्तक नाहीं, गांवांत वर्तमानपत्र नाहीं. दहा वर्षांनीं पाहावें तों शिकलेलें सारें विसरून गेलेलें! विहीर खणावी आणि तिला पोहरा व दोर ठेवूं नये, तसाच हा प्रकार होता. तेव्हां शाळेच्या पाठोपाठ वाचनालय गेलें पाहिजे, हें महाराजांस दिसूं लागलें. त्याच सुमारास मोतीभाई अमीन नांवाचे एक शिक्षक आपल्या मित्रमंडळाच्या साहाय्यानें गुजराथच्या खेड्यांत लहान लहान वाचनालयें काढीत होते. महाराजांनीं त्यांच्या कामाची कदर केली. शिवाय १९०६ सालीं महाराज अमेरिकेस गेले असतां तेथील सार्वजनिक ग्रंथालयें त्यांनीं पाहिलीं. अँड्र्यू कार्नेजीसारख्या धनिकानें गांवोगांव पुस्तकालयांच्या इमारती बांधून दिल्या होत्या. मजूर काम संपवून तेथें येई, लहान मुलें आपल्या खास दालनांत बसून चित्रें पाहत, आणि कोणी कोणास वर्गणी विचारीत नसे. हें दृश्य महाराजांच्या मनांत ठसलें.

ठसलेली गोष्ट कृतींत उतरविल्यावांचून त्यांस चैन पडत नसे. १९१० सालीं त्यांनीं अमेरिकेंतील न्यू हेवन येथील अनुभवी ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांस बडोद्यास बोलाविलें आणि राज्यांतील सर्व ग्रंथालयांचें काम त्यांच्या स्वाधीन केलें. आरंभासाठीं महाराजांनीं राजवाड्यांतील आपला खासगी संग्रहच देऊन टाकला. सुमारें वीस हजार ग्रंथ राजवाड्याच्या कपाटांतून बाहेर पडले व प्रजेचे झाले. त्यांतून बडोद्याचें मध्यवर्ती ग्रंथालय उभें राहिलें. पुढें त्याच्यासाठीं लोखंडी फळ्यांची रचना करण्यांत आली आणि वरच्या मजल्यावरील उजेड खालपर्यंत पोंचावा म्हणून जमिनी जाड कांचेच्या केल्या. डोक्यावर कांच, पायांखालीं कांच, आणि दोहों बाजूंस पुस्तकांच्या रांगा, असा तो देखावा पाहणाऱ्यास थक्क करून सोडतो.

परंतु इमारतीपेक्षां तेथील रीत अधिक नवलाची होती. त्या काळीं आपल्याकडील बहुतेक ग्रंथालयांत पुस्तकें कुलपांत असत. वाचकानें यादी पाहून नांव सांगावें, कारकुनानें नाखुषीनें किल्ली शोधावी, आणि बहुधा तें पुस्तक जागेवर नसल्याचें सांगावें, असा परिपाठ असे. बडोद्यास वाचक सरळ फळ्यांजवळ जाऊन पुस्तक हातीं घेऊं शके. वर्गणी नव्हती. मराठी, गुजराथी, हिंदी, उर्दू, संस्कृत, इंग्रजी अशा नानाविध भाषांचे ग्रंथ होते. स्त्रियांस निवांतपणें वाचतां यावें म्हणून त्यांच्यासाठीं वेगळी व्यवस्था होती. आणि मुलांचें दालन तर मोठें गमतीचें होतें. तेथें चित्रांचीं पुस्तकें होतीं तसेच बैठे खेळहि होते. मुलांनीं यावें, खेळावें, चित्रें पाहावीं, आणि खेळतां खेळतां हात पुस्तकाकडे जावा, अशी ती योजना होती. ग्रंथालयांत हूं कीं चूं न करणें हाच मोठा सद्गुण, असें मानणाऱ्या जुन्या मंडळींस हा पोरखेळ वाटला असल्यास नवल नाहीं. परंतु ज्या राजाचें स्वतःचें बाळपण रानांत खेळण्यांत गेलें होतें, त्याला मुलांच्या मनाची वाट बरोबर सांपडली होती.

उत्तम पुस्तकें व उत्तम इमारत असली तरी तीं सांभाळणारीं माणसें नसतील तर सर्व व्यर्थ. म्हणून १९११ सालीं बॉर्डनसाहेबांनीं बडोद्यास ग्रंथपालांचा शिक्षणवर्ग काढला. हिंदुस्थानांत अशा प्रकारचा हा पहिलाच वर्ग होय. पुस्तकांचें विषयवार वर्गीकरण कसें करावें, एकेका ग्रंथाची चिठ्ठी कशी लिहावी, फाटलेलें पान कसें सांधावें, हें तर तेथें शिकवीतच. परंतु दारीं आलेल्या माणसाच्या मनांत काय आहे तें ओळखून त्याला रुचेल असें पुस्तक त्याच्या हातीं देणें, ही या धंद्याची खरी कला होय, हेंहि त्या ग्रंथपालांस कळूं लागलें. तत्पूर्वीं ग्रंथपाल म्हणजे पुस्तकांचा पहारेकरी असा समज होता; आतां तो पुस्तकांचा यजमान झाला. जनार्दन सखाराम कुडाळकर हे मराठी गृहस्थ आणि त्यांच्यामागून न्यूटन मोहन दत्त यांनीं बॉर्डनसाहेब १९१३ सालीं स्वदेशीं परतल्यावर हें काम मोठ्या हौसेनें चालविलें. या मंडळींनीं ग्रंथालयविषयक एक नियतकालिकहि काढलें, आणि त्यांत इंग्रजीबरोबर मराठी व गुजराथी मजकूर येत असे.

खेड्यांच्या बाबतींत महाराजांनीं एक शहाणपणाचा नियम घालून दिला. सारें कांहीं सरकारनें फुकट द्यावयाचें नाहीं. वाचनालयाच्या खर्चाचा एक तृतीयांश भाग गांवानें उभा करावा, एक तृतीयांश प्रांतपंचायतीनें द्यावा, आणि उरलेला एक तृतीयांश सरकारनें घालावा. यामुळें वाचनालय हें सरकारचें नसून आपलें आहे, अशी भावना गांवकऱ्यांत उत्पन्न झाली. कोठें शाळेच्या खोलींत, कोठें चावडीवर, कोठें एखाद्या सद्गृहस्थाच्या ओसरीवर वाचनालयें उघडलीं. बहुत ठिकाणीं गांवचा शिक्षकच फावल्या वेळीं ग्रंथपाल होई. महाराजांच्या कारकीर्दीच्या अखेरीस अशा वाचनालयांची संख्या हजारावर गेली होती.

तथापि ज्या गांवीं तेवढीहि शक्ति नव्हती त्यांचें काय करावयाचें? त्यांच्यासाठीं निघाल्या त्या फिरत्या ग्रंथपेट्या. पंधरा ते तीस पुस्तकें मावतील अशा मजबूत लांकडी पेट्या तयार करण्यांत आल्या. गांवानें मागणी करावी, मध्यवर्ती कचेरीनें पेटी भरून पाठवावी, जाण्यायेण्याचें भाडेंहि सरकारनेंच सोसावें. गांवकऱ्यांनीं तीं पुस्तकें ठराविक मुदतींत वाचून पेटी परत करावी, म्हणजे दुसरी भरलेली पेटी यावी, अशी ही व्यवस्था होती. वाचकहो, क्षणभर मनांत आणा. कापणी आटोपलेली आहे, थंडीचे दिवस आहेत, संध्याकाळीं शेकोटीभोंवतीं माणसें जमलीं आहेत, आणि स्टेशनावरून बैलगाडींतून ती पेटी गांवांत येते. मास्तर कुलूप काढतात. आंत एखादें साधुसंतांचें चरित्र आहे, एखादें शेतीवरचें पुस्तक आहे, एखादी प्रवासाची हकीकत आहे, मुलांसाठीं गोष्टी आहेत. ज्यास वाचतां येतें तो मोठ्यानें वाचतो, ज्यास येत नाहीं तो ऐकतो. ज्या गांवीं मागें कोणी छापील पान पाहिलें नव्हतें, त्या गांवाला अशा पेटीचें आगमन म्हणजे एक सणच वाटला असेल, यांत शंका नाहीं.

ज्यांस अक्षर मुळींच येत नाहीं त्यांचाहि महाराजांस विसर पडला नाहीं. ग्रंथालय खात्याची एक शाखा केवळ चित्रांनीं शिक्षण देण्यासाठीं होती. जादूचा कंदील, सिनेमाचें यंत्र, आणि दोन डोळ्यांनीं पाहतांच चित्र जिवंत भासूं लागेल अशीं दुर्बिणीसारखीं उपकरणें घेऊन या शाखेचीं माणसें गांवोगांव जात. उघड्या मैदानांत पांढरा पडदा लावीत, आणि अंधार पडला कीं परदेशचे देखावे, रोगराई टाळण्याचे उपाय, नव्या तऱ्हेची शेती हें सारें लोकांस दाखवीत. सिनेमा हें ज्या काळीं मुंबईच्या लोकांसहि नवल होतें, त्या काळीं बडोदें राज्यांतील शेतकरी आपल्या गांवच्या माळावर बसून तें फुकट पाहत असे; आणि दाखविणारा असे तो ग्रंथालयाचा नोकर!

याच सुमारास, म्हणजे १२ डिसेंबर १९११ रोजीं, दिल्लीस बादशहा पंचम जॉर्ज यांचा दरबार भरला. महाराजांनीं बादशहांस एकदांच लवून नमस्कार केला व पाठ फिरवून ते परत गेले, दरबारी रीतीप्रमाणें मागें मागें सरले नाहींत, यावरून इंग्रजी वर्तमानपत्रांनीं मोठें काहूर उठविलें. महाराजांस खुलासा करावा लागला. त्या नमस्काराची चर्चा पुष्कळ वर्षें चालली. परंतु त्याच महिन्यांत बडोद्याच्या ग्रंथपालांचा जो पहिला वर्ग शिकून तयार होत होता, त्याची वार्ता कोणीं फारशी छापली नाहीं. आज मागें वळून पाहतां, त्या दोहोंपैकीं अधिक महत्त्वाची घटना कोणती, हें वाचकांनींच ठरवावें.

पुस्तकें वाटावयाचीं तर पुस्तकें असावयास हवींत. मराठींत व गुजराथींत सामान्य वाचकांसाठीं सोपे व उपयुक्त ग्रंथ त्या वेळीं थोडेच होते. म्हणून महाराजांनीं दोन लाख रुपयांचा निधि वेगळा काढला व त्याच्या व्याजांतून ग्रंथमाला सुरू केल्या. त्यांपैकीं श्रीसयाजी साहित्यमाला ही प्रौढांकरितां, आणि श्रीसयाजी बालज्ञानमाला ही खास मुलांकरितां होती. जुन्या संस्कृत पोथ्यांचा शोध करवून त्याहि त्यांनीं जमविल्या, आणि १९१६ सालापासून गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंतून त्या छापून निघूं लागल्या. मराठीवर तर त्यांचें विशेष प्रेम होतें. १९३२ सालीं कोल्हापूर येथें भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद महाराष्ट्रानें त्यांस अर्पण केलें. कवळाण्याचा निरक्षर गोपाळ साहित्यिकांच्या मेळ्याचा अध्यक्ष झाला, यापरतें आश्चर्य तें कोणतें?

आतां या चरित्रांतील सर्वांत हृदयस्पर्शी भागाकडे वळूं. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठीं महाराजांनीं राज्यावर येतांच शाळा उघडल्या. उच्चवर्णीय शिक्षक तेथें शिकविण्यास तयार होईनात, तेव्हां त्यांनीं मुसलमान शिक्षक नेमले, आणि पुढें आर्यसमाजाचे पंडित आत्माराम यांच्याकडे तें काम दिलें. याच सुमारास मुंबईंत एक गरीब महार विद्यार्थी शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेंत बसून पुस्तक वाचीत असे. विल्सन हायस्कूल या मिशनरी शाळेंतील शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर हेहि त्या बागेंत येत. त्यांनीं त्या मुलास हेरलें, त्यास पुस्तकें दिलीं, आणि तो मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र त्यास भेट दिलें. पुढें त्याच्या कॉलेजाच्या शिक्षणाची अडचण पडली तेव्हां केळुसकरांनीं ती सयाजीराव महाराजांच्या कानीं घातली व महाराजांनीं दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ति दिली. १९१३ सालीं महाराजांच्याच साहाय्यानें तो तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विश्वविद्यालयांत गेला. ते पुढें भारताच्या राज्यघटनेचे शिल्पकार झालेले डॉ. भीमराव आंबेडकर होत, हें सांगावयास नकोच. बागेंतील एक शिक्षक, एक पुस्तक आणि एक राजा यांनीं मिळून एका मुलाची वाट मोकळी केली.

परंतु सत्य सांगावयाचें तर पुढची हकीकतहि सांगितली पाहिजे. १९१७ सालीं आंबेडकर करारानुसार बडोद्याच्या नोकरींत रुजू झाले, तेव्हां त्या शहरांत त्यांस राहावयास जागा मिळेना. कचेरींतील शिपाई त्यांच्या अंगावरून वारा नको म्हणून कागद दुरून टाकीत. ज्या पारशी वसतिगृहांत त्यांनीं आसरा घेतला होता, तेथूनहि त्यांस लोकांनीं काठ्यांचा धाक घालून बाहेर काढलें, आणि शहराच्या बागेंतील झाडाखालीं बसून त्या विद्वान तरुणानें अश्रु ढाळले. राजाचा हुकूम होता, राजाची इच्छा होती, राजाचें ग्रंथालय सर्वांस खुलें होतें. तरी लोकांच्या मनाचीं कवाडें बंदच होतीं. कायद्यानें शाळेचें दार उघडतां येतें, पण शेजाऱ्याच्या मनाचें दार उघडावयास पिढ्यान् पिढ्या लागतात. महाराजांच्या कार्याची थोरवी व त्याची मर्यादा दोन्ही या एका प्रसंगांत दिसून येतात.

खासगी आयुष्यांत महाराजांनीं अपार दुःख सोसलें. पहिल्या महाराणी चिमणाबाई १८८५ सालीं अकालीं वारल्या. ज्येष्ठ पुत्र फत्तेसिंहराव १९०८ सालीं, शिवाजीराव १९१९ सालीं व जयसिंहराव १९२३ सालीं, असे तीन कर्ते पुत्र पित्याच्या डोळ्यांदेखत गेले. निद्रानाशाच्या व्याधीनेंहि त्यांस पुष्कळ त्रास दिला. त्यासाठीं ते वारंवार युरोपांत जाऊन राहत, आणि राज्याबाहेर फार काळ घालवितात म्हणून त्यांच्यावर टीकाहि होई. या साऱ्या संकटांत ग्रंथ हा त्यांचा कायमचा सोबती होता. दुसऱ्या महाराणी चिमणाबाई यांनींहि स्त्रीशिक्षणाचें कार्य मनापासून केलें. १९२७ सालीं पुणें येथें भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या पहिल्या अध्यक्षा होत्या. ६ फेब्रुवारी १९३९ रोजीं मुंबई येथें महाराज निवर्तले. त्रेसष्ट वर्षांहून अधिक काळ त्यांनीं गादी भूषविली. १९४९ सालीं बडोदें संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें, १९६० सालीं तें गुजराथ राज्यांत गेलें. राजेपण संपलें, परंतु बडोद्याचें मध्यवर्ती ग्रंथालय अद्यापि वाचकांची सेवा करीत आहे. त्यानंतर १९४५ सालीं कोल्हापूर संस्थानानें आणि १९६७ सालीं महाराष्ट्र राज्यानें सार्वजनिक ग्रंथालयांचे कायदे केले. परंतु त्या वाटेवरील पहिला दिवा बडोद्यानें लावला होता.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रापासून घ्यावयाचा बोध उघड आहे. उशीरा सुरुवात झाली म्हणून कोणी हताश होऊं नये. बाराव्या वर्षीं मुळाक्षरें गिरवणाराहि विद्येचा आश्रयदाता होऊं शकतो. आणि आपणांस लाभलेली विद्या आपल्याच पेटींत ठेवूं नये. यंदाच्या नाताळच्या सुटींत आपल्यालाहि एक लहानशी ग्रंथपेटी करतां येईल. चार घरांतील मुलांनीं वाचून झालेलीं दोन दोन पुस्तकें एका खोक्यांत घालावीं; तें खोकें आठवडाभर एका आळींत व पुढील आठवड्यांत दुसऱ्या आळींत ठेवावें. एखाद्या संध्याकाळीं आजीआजोबांसमोर एकानें गोष्ट मोठ्यानें वाचावी, आणि शेवट येण्यापूर्वीं थांबून पुढें काय झालें असेल तें इतरांनीं ओळखावें. एकानें पुस्तकांतील पात्राचा वेष घ्यावा व बाकीच्यांनीं पुस्तकाचें नांव सांगावें. शाळेच्या ग्रंथपालांनीं सुटी लागण्यापूर्वीं फाटकीं पुस्तकें काढून दिलीं तर मोठ्या मुलांनीं खळ व कागद घेऊन तीं सांधावीं. या कामांत किती गंमत आहे तें केल्यावरच कळेल. ग्रंथपालांसहि वर्षभर कपाटांची निगा राखून शीण आलेला असतो. त्यांस मुलांची अशी सोबत मिळाली तर त्यांचाहि नाताळ आनंदाचा होईल.

पालकांनींहि एवढें ध्यानांत घ्यावें. वेसाव्याहून तरीनें येतांना बाजाराच्या पिशवींत मुलासाठीं खाऊ असतो, तसें कधीं एखादें पुस्तकहि असावें. घरांत स्वतःस वाचतां येत नसलें तरी मुलाकडून वाचवून घ्यावें. ऐकणारा असला म्हणजे वाचणाऱ्यास हुरूप येतो. आपल्या गांवांत एखादें मूल असेंहि असेल, कीं ज्याला कोणत्याहि कारणानें शाळेंत यावयास उशीर झाला, किंवा ज्याला शेजारीपाजारी आपल्या ओट्यावर बसूं देत नाहींत. आपली ग्रंथपेटी प्रथम त्याच्या दारीं जावी. कवळाण्याच्या त्या गुराख्याच्या पोराला राजवाड्यांत पाटी मिळाली. आपल्या शेजारच्या मुलाला ती मिळण्यासाठीं राजवाड्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं.